हप्ता(२०००००, १०, १२) : यात व्याजाचा दर कुठला आणि महिने कुठले?

पाणपोई – मंगळवार, रात्री १०:१५

मंडळी, गेल्या आठवड्यातली फजिती लिहितो. डोकं आता जरा निवलंय.

आम्ही पाचसहा जण मिळून पतसंस्थांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत. एका पतसंस्थेत एक गृहस्थ काउंटरवर वही घेऊन आले. वहीत त्यांनी चौकशीच्या दिवशी लिहून घेतलेला हप्ता होता, १७,५८३ रुपये. मंजुरीच्या कागदावर होता २१,११६. कर्ज तेच, दोन लाखांचं. क्लार्कनं आम्हाला फोन लावला. आम्ही नेहमीप्रमाणे आधी म्हणालो, "डेटा एंट्री चुकली असेल."

डेटा एंट्री चुकली नव्हती. चौकशीच्या स्क्रीनवरून हप्ता काढणाऱ्या फंक्शनला (म्हणजे हिशोब करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) असा कॉल जात होता:

हप्ता(२०००००, १०, १२)

आणि मंजुरीच्या स्क्रीनवरून असा:

हप्ता(२०००००, १२, १०)

फंक्शनचा क्रम मुद्दल, दर, महिने असा. म्हणजे पहिल्यात द.सा.द.शे. १० नं १२ महिने, आणि दुसऱ्यात द.सा.द.शे. १२ नं १० महिने. दोन्ही आकडे पटण्यासारखे, दोन्ही उत्तरं हप्त्यासारखीच दिसणारी. प्रोग्राम कुठे अडला नाही, लाल अक्षरं आली नाहीत.

आणखी एक गंमत ऐका. पहिल्या हिशोबात एकूण परतफेड २,१०,९९८ रुपये होते, दुसऱ्यात २,११,१६४. फरक फक्त १६६ रुपयांचा! आमची महिनाअखेरची पडताळणी एकूण रकमेवर चालते आणि थोडीफार तफावत 'राउंडिंग' म्हणून सोडून देते. त्यामुळे ही चूक तिथूनही निसटली. ते गृहस्थ वही ठेवत नसते तर अजून कळलं नसतं.

तो दुसरा कॉल मीच लिहिला होता. सहकाऱ्यानं केलेला कोडचा रिव्ह्यूही पास झाला होता, कारण नुसतं १२, १० बघून रिव्ह्यू करणाऱ्याला काय कळणार? त्याला फंक्शनची व्याख्या उघडून बघावी लागली असती. शुक्रवारी संध्याकाळी ती कोण उघडतं?

आता तो कॉल असा आहे:

हप्ता(मुद्दल=२०००००, दर=१०, महिने=१२)

यात उलटापालट करून दाखवा! महिने आधी लिहिले तरी उत्तर तेच. शिवाय व्याख्येत मुद्दलानंतर एक तारा टाकलाय:

हप्ता(मुद्दल, *, दर, महिने)

ताऱ्यानंतरच्या गोष्टी नाव घेतल्याशिवाय देताच येत नाहीत. नुसते आकडे दिले की टाइपएरर येतो. ही सोय पायथॉन ३.० पासून, म्हणजे २००८ पासून आहे. मी दहा वर्षं पायथॉन लिहितोय आणि हा तारा लायब्रऱ्यांच्या कोडमध्ये बघून पुढे जात होतो, हे कबूल करतो.

तुम्ही काय नियम पाळता? सगळीकडे नावं लिहिता? दोनापेक्षा जास्त आर्ग्युमेंट (कंसात दिलेल्या किमती) असली तरच? की एडिटरवर भिस्त?

(कोडमधली नावं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. पायथॉन ३ ला ती चालतात. आकडे मात्र इंग्रजी (0-9) लागतात, आणि भाषेचे स्वतःचे शब्द तर रोमन लिपीतच लागतात. इथे वाचायला बरं पडावं म्हणून सगळंच देवनागरी केलंय.)

---

चिंचगूळ – मंगळवार, रात्री १०:४०

व्हीएस कोडसारखे एडिटर आता कॉलच्या आतच फिकट अक्षरात पॅरामीटरचं (व्याख्येतल्या आर्ग्युमेंटचं) नाव दाखवतात. ती सेटिंग चालू केली असतीत तर हे दिसलं असतं. त्यासाठी कोडमध्ये शब्द कशाला वाढवायचे?

---

पाणपोई – मंगळवार, रात्री १०:५२

@चिंचगूळ, लिहिताना दिसलं असतं, मान्य. पण रिव्ह्यू ब्राउझरमध्ये होतो आणि तिथे ती फिकट अक्षरं नसतात. सर्व्हरवर रात्री दीड वाजता ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारून बघताना नसतात. गिटमधला कोडच्या बदलांचा इतिहास चाळताना नसतात. ती फक्त लिहिणाऱ्याला दिसतात, आणि लिहिणाऱ्याला तर काय लिहिलंय ते आपल्या मते माहीतच असतं!

---

जुना_कारकून – मंगळवार, रात्री ११:२०

हे दुखणं फार जुनं आहे. सी मध्ये मेमसेट नावाचं फंक्शन आहे: कुठली मेमरी, कुठला बाइट भरायचा आणि किती बाइट. शेवटची दोन्ही आकडेच. शून्य भरायला म्हणून मेमसेट(बफर, ०, आकार) लिहायचं, तिथे माणूस घाईत मेमसेट(बफर, आकार, ०) लिहितो. म्हणजे "शून्य बाइट भर". कंपायलर खूश, प्रोग्राम खूश, आणि बफरमध्ये जुना कचरा तसाच. ही चूक इतकी होते की जीसीसी या सी च्या कंपायलरमध्ये खास तेवढ्यासाठी वेगळी वॉर्निंग आहे. एका फंक्शनच्या दोन आर्ग्युमेंटच्या अदलाबदलीसाठी कंपायलरवाल्यांना पहारेकरी बसवावा लागला, यावरून समजा.

माझ्या हाताखाली पोरं आली की मी एकच सांगायचो: तीनाच्या वर आर्ग्युमेंट गेली की फंक्शन फोडा, नाहीतर स्ट्रक्चर करा. सी९९ पासून स्ट्रक्चर भरताना टिंब देऊन फील्डचं नाव लिहिता येतं, .दर = १०, .महिने = १२ असं. कीवर्ड आर्ग्युमेंटची (नावानं दिलेल्या आर्ग्युमेंटची) हौस आम्ही त्यावर भागवली.

---

निशिगंध_९ – बुधवार, सकाळी ७:०५

मी मराठी शिकवते आणि फावल्या वेळात पायथॉन शिकते, म्हणून जरा वेगळ्या बाजूनं.

"रामाने रावणाला मारले" हे वाक्य "रावणाला रामाने मारले" असं फिरवलं तरी कोण मेलं ते बदलत नाही. 'ने' आणि 'ला' ही त्या नामांना चिकटवलेली लेबलं आहेत. इंग्रजीत नावांना असे प्रत्यय नाहीत, तिथे जागेवरूनच कर्ता कळतो. राम आणि रावण यांची जागा बदलली की रामायण उलटं. तुमचा नुसत्या आकड्यांचा कॉल इंग्रजी वाक्यासारखा आहे आणि नावं घातलेला मराठी वाक्यासारखा. 'दर=' हा विभक्तिप्रत्ययच की! फक्त मागे न लागता पुढे लागलाय.

---

सावळागोंधळ – बुधवार, सकाळी ९:३०

@निशिगंध_९ ताई, मराठीत सगळीकडे कुठे प्रत्यय असतात? "मांजर उंदीर खातं." दोघांनाही प्रत्यय नाही, तरी कळतंच ना?

---

निशिगंध_९ – बुधवार, सकाळी १०:१०

@सावळागोंधळ, हे उदाहरण तर माझ्याच पथ्यावर पडलं!

"मांजर उंदीर खातं" आणि "उंदीर मांजर खातं", दोन्हीत मांजरच खातंय. का? क्रियापद 'खातं' नपुंसकलिंगी आहे आणि ते मांजराशीच जुळतं. उंदीर खात असता तर 'खातो' आलं असतं. म्हणजे लिंग वेगळं असेल तर क्रियापद चूक पकडून देतं.

आता "वाघ कोल्हा खातो" घ्या. दोन्ही पुल्लिंगी. क्रियापद बिचारं काय सांगणार? इथे क्रमावरच हवाला. आणि म्हणूनच बोलताना आपण आपोआप "वाघ कोल्ह्याला खातो" म्हणतो. घोळ होण्यासारखा असेल तिथे प्रत्यय हटकून येतो. "वाघ गवत खात नाही" म्हणताना 'गवताला' कुणी म्हणत नाही, कारण गवत वाघाला खाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

---

पाणपोई – बुधवार, सकाळी १०:२५

ताई, हे फळ्यावर लिहून ठेवतो! लिंग म्हणजे टाइप. एक आर्ग्युमेंट स्ट्रिंग (मजकूर) आणि दुसरं आकडा असेल तर मायपायसारखा टाइप तपासणारा अदलाबदल पकडेल. माझा दर आणि महिने दोन्ही आकडेच, वाघ आणि कोल्हा. मला नियम मिळाला: एकाच टाइपची दोन आर्ग्युमेंट शेजारी आली की नावं लिहायची.

---

तिरफळ – बुधवार, दुपारी १:१५

पणजीहून नमस्कार. मी डेटावाला, त्यामुळे फटके जास्त खाल्लेत. त्यातला सगळ्यात लागलेला सांगतो.

पायथॉनच्या री मॉड्यूलमध्ये सब नावाचं फंक्शन आहे, नमुना शोधून बदलणारं. त्याचा क्रम: नमुना, बदली, मजकूर, काउंट, फ्लॅग्ज. काउंट म्हणजे किती ठिकाणी बदलायचं, फ्लॅग्ज म्हणजे लहान-मोठी लिपी बघू नको वगैरे. मला इंग्रजी पत्त्यांच्या फाइलमध्ये 'आरडी'चा सगळीकडे 'रोड' करायचा होता, कुणी कसंही लिहिलेलं असो. अख्खी फाइल एका स्ट्रिंगमध्ये वाचली आणि लिहिलं:

री.सब(नमुना, बदली, मजकूर, री.इग्नोरकेस)

चालवलं. वरचे दोन पत्ते बघितले, झक्क बदललेले. घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी कळलं की बदललेत ते फक्त वरचे दोनच. चौथी जागा काउंटची, आणि इग्नोरकेस हा आतून एक आकडाच आहे, त्याची किंमत २. पायथॉननं इमानदारीत "दोन ठिकाणी बदल" एवढंच ऐकलं. लिपीचा फ्लॅग तर लागलाच नव्हता. पहिल्या दोघांनी नशिबानं माझ्यासारखंच लिहिलं होतं. मल्टिलाइन दिलं असतं तर आठ ठिकाणी बदललं असतं, कारण त्याची किंमत ८.

फ्लॅग्ज=री.इग्नोरकेस लिहिलं असतं तर ही वेळच आली नसती. आणि फसणारा मी एकटा नाही. पायथॉन ३.१३ पासून ही शेवटची आर्ग्युमेंट नावाशिवाय दिली तर डेप्रिकेशनची ('ही पद्धत आता वापरू नका' अशी) वॉर्निंग मिळते.

मोठ्या लायब्रऱ्याही त्याच वाटेनं गेल्या. मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्ननं २०२० मध्ये ०.२३ आवृत्तीत वॉर्निंग द्यायला सुरुवात केली आणि १.० मध्ये बहुतेक ठिकाणी नाव सक्तीचं केलं. तक्ते हाताळणाऱ्या पांडाजच्या रीड-सीएसव्ही या फाइल वाचणाऱ्या फंक्शनमध्ये २.० पासून फाइलचं नाव सोडलं तर बाकी सगळं नाव घेऊनच द्यावं लागतं. तिथे आर्ग्युमेंटची जत्रा आहे, सतरावं कुठलं हे कुणाच्या लक्षात राहणार?

पायथॉनमधलं कालावधी सांगणारं टाइमडेल्टाही बघा. टाइमडेल्टा(१, ३०) बघून काय वाटतं?

---

चिंचगूळ – बुधवार, दुपारी १:२२

दीड तास.

---

तिरफळ – बुधवार, दुपारी १:२४

एक दिवस आणि तीस सेकंद. 😄 त्याचा क्रम दिवस, सेकंद, मायक्रोसेकंद, मिलिसेकंद, मिनिटं, तास, आठवडे असा आहे. हा क्रम कुणी पाठ करावा अशी अपेक्षा असेल असं वाटत नाही. टाइमडेल्टा(तास=१, मिनिटं=३०) लिहा आणि सुखानं झोपा.

---

परदेशी_पाखरू – बुधवार, सायंकाळी ६:४०

मी इकडे जर्मनीत जावा लिहितो. आमच्याकडे ही सोयच नाही! ग्राहकाच्या कन्स्ट्रक्टरला (नवी नोंद बनवणाऱ्या कोडला) नाव, आडनाव, रस्ता, गाव, पिनकोड, सगळ्या स्ट्रिंगा. आम्ही त्यावर बिल्डर नावाचा खटाटोप करतो: .नाव("…").आडनाव("…").गाव("…").तयार_करा(). पंचवीस ओळींचा वर्ग कशासाठी, तर कॉलच्या जागी पाच शब्द दिसावेत म्हणून. तुम्ही पायथॉनवाले ते फुकटात मिळवता आणि वापरत नाही, हे बघून जीव जळतो.

शेजारीपाजारी सगळ्यांना ही सोय मिळाली. सी शार्पला २०१० मध्ये चौथ्या आवृत्तीत, पीएचपीला २०२० च्या शेवटी ८.० मध्ये. कॉटलिनमध्ये आहे. जावास्क्रिप्टवाले ऑब्जेक्टचा कंस टाकून काम भागवतात. मला सगळ्यात आवडतं ते स्विफ्टचं: तिथे नाव लिहिणं हाच मूळ नियम आणि नको असेल तर व्याख्या लिहिणाऱ्यानं अधोरेषा टाकून सूट द्यायची. म्हणजे बाकीच्यांच्या बरोबर उलट. हे त्यांच्याकडे ऑब्जेक्टिव्ह-सी मधून आलं आणि तिथे स्मॉलटॉकमधून. त्या घराण्यात मेथडच्या नावाचेच तुकडे करून मधेमधे आर्ग्युमेंट बसवतात, त्यामुळे कॉल वाक्यासारखा वाचता येतो. पायथॉननं ही कल्पना घेतली ती मॉड्युला-३ कडून.

आता नावांनी न सुटणारा एक घोळ सांगतो. नकाशे. बोलताना आपण अक्षांश-रेखांश म्हणतो. लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीला तसेच लागतात. पण जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फॉरमॅटमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. उलटं दिलं की पुणं जातं ७३.८६ उत्तर, १८.५२ पूर्वेला, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला, ब्यर्नया बेटाच्या खाली समुद्रात. आमच्या टीममधल्या पुणेकराला आम्ही महिनाभर "समुद्र कसा आहे?" विचारत होतो. तिथे दोन्ही आकडे एका यादीत जातात आणि यादीतल्या खणांना नावं नसतात. आम्ही शेवटी अक्षांश आणि रेखांश असे दोन वेगळे टाइपच केले.

---

सावळागोंधळ – बुधवार, रात्री ९:००

सगळे एका सुरात गायला लागले म्हणून बेसूर करतो.

कमाल(अ=३, ब=५). यानं काय साधलं? मोठा आकडा शोधताना कुठला पहिला, कुठला दुसरा याला अर्थच नाही. लांबी(वस्तू=यादी) असं लिहिणारा माणूस मला भेटला तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवीन. काही ठिकाणी नावं म्हणजे आवाज आहे. उलट बंदी घालायचीही सोय पायथॉनमध्ये आहे. २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत तिरकी रेघ आली, तिच्या डावीकडची आर्ग्युमेंट नावानं देताच येत नाहीत.

याला कारणही आहे. नाव एकदा बाहेर गेलं की ते कराराचा भाग होतं. मी लायब्ररी लिहिली, पॅरामीटरचं नाव 'क्ष' ठेवलं आणि उद्या मला अक्कल येऊन ते 'अंतर' करायचं असेल, तर क्ष= लिहिणाऱ्या सगळ्यांचा कोड मोडणार. नुसत्या जागेवर चालणारा कॉल मोडणार नाही.

आणि ते नाव=नाव, पत्ता=पत्ता, पिनकोड=पिनकोड! हातात त्याच नावाचे व्हेरिएबल असतील तर वाचणाऱ्याला आधीच कळतंय. रुबीत ३.१ पासून नुसतं नाव आणि अपूर्णविराम लिहून चालतं. पायथॉनमध्ये आपलं दोनदा लिहा.

---

जुना_कारकून – बुधवार, रात्री ९:४५

@सावळागोंधळ, तुमच्या बेसुरात दम आहे. कमालचं आणि लांबीचं पटलं.

पण नाव=नाव ला नावं ठेवू नका. पत्ता=नाव असं चुकून लिहिलं तर ते डोळ्यांत खुपतं. दोनदा लिहिण्याचा तोच तर फायदा आहे. जमाखर्चात एकच रक्कम दोन खात्यांत लिहितात ती कागद वाया घालवायला नव्हे.

माझा राग आहे तो ट्रू-फॉल्सवर. अहवाल(खाते, ट्रू, फॉल्स, ट्रू). हा कॉल आहे की लॉटरीचं तिकीट? आकड्याकडे बघून निदान अंदाज बांधता येतो, १२ म्हणजे महिने असतील. फॉल्सकडे बघून काय अंदाज बांधणार? तिथे नाव सक्तीचंच हवं: अहवाल(खाते, सह्यांसह=ट्रू, बंद_खाती=फॉल्स, छापा=ट्रू). रफसारख्या तपासनीसात नावाशिवाय दिलेल्या ट्रू-फॉल्सवर ओरडणारे नियम आहेत, ते चालू करा. पायथॉननं स्वतःसुद्धा सॉर्टेडमध्ये रिव्हर्स नावानंच द्यायला लावलंय. सॉर्टेड(यादी, ट्रू) लिहून बघा, ऐकत नाही.

---

वाचनमात्र – गुरुवार, सकाळी ८:२०

पहिल्यांदाच लिहितोय, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. आम्हाला शिकवलं की व्याख्येत दर=१० असं लिहिलं की ते कीवर्ड आर्ग्युमेंट होतं. मग तुम्ही डिफॉल्ट न देता नावं कशी काय वापरताय?

---

निशिगंध_९ – गुरुवार, सकाळी ८:५५

@वाचनमात्र, बावळट मुळीच नाही. मीही महिनाभर तिथेच अडले होते. तेच बरोबरचं चिन्ह दोन ठिकाणी दोन कामं करतं.

व्याख्येत दर=१० म्हणजे "कुणी दर दिला नाही तर १० धर". हे डिफॉल्ट. कॉलमध्ये दर=१० म्हणजे "मी हा जो १० देतेय तो दर म्हणून घे". हे कीवर्ड आर्ग्युमेंट. एकाचा दुसऱ्यावाचून काही अडत नाही. डिफॉल्ट नसलेल्या पॅरामीटरलाही कॉलमध्ये नाव लावता येतं, आणि डिफॉल्ट असलेल्याला नुसत्या जागेवरूनही देता येतं (तारा किंवा रेघ आडवी आली नसेल तर).

कॉल करताना एवढंच पाळायचं की बिननावाची आर्ग्युमेंट आधी, नावाची नंतर. हप्ता(मुद्दल=२०००००, १०, १२) लिहिलंस तर प्रोग्राम सुरूच होणार नाही, सिंटॅक्स एरर. आणि एकच गोष्ट जागेवरूनही दिली आणि नावानंही, तर "एकाच आर्ग्युमेंटला दोन किमती" अशी तक्रार येईल.

---

जुना_कारकून – गुरुवार, सकाळी ९:१०

बाळ, डिफॉल्टचा विषय निघालाच आहे तर एक खड्डा दाखवून ठेवतो. व्याख्येत डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी, [], देऊ नकोस. पायथॉन ती यादी व्याख्या वाचताना एकदाच बनवतो, दर कॉलला नवी नाही. पहिल्या कॉलनं तिच्यात काही टाकलं की दुसऱ्याला उष्टी यादी मिळते. डिफॉल्ट नन (None, म्हणजे 'काही नाही') ठेव आणि आत नवी यादी कर. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

---

वाचनमात्र – गुरुवार, सकाळी ९:१८

धन्यवाद ताई, धन्यवाद काका. उष्टी यादी कायम लक्षात राहील. :)

---

तिरफळ – गुरुवार, दुपारी २:३०

नावं लिहिली म्हणजे सुटलो असं समजू नका. दोन तारे आठवा. व्याख्येत शेवटी **इतर असं लिहिलं की अनोळखी नावाची सगळी आर्ग्युमेंट एका डिक्शनरीत जमा होतात. आमच्याकडे एकानं लिहिलेल्या फंक्शनमध्ये 'महिने'ला डिफॉल्ट १२ होतं आणि पुढे **इतर. दुसऱ्यानं कॉल केला महीने=२४ असा. दीर्घ ही. पायथॉनसाठी ते वेगळंच नाव, ते गेलं मुकाट्यानं 'इतर'च्या पोत्यात, आणि हिशोब झाला १२ महिन्यांचा. कुठे हू नाही, की चू नाही.

शुद्धलेखनाच्या बाईंनी शाळेत हातावर पट्टी मारली होती, ती का ते त्या दिवशी कळलं.

दोन तारे नसते तर पायथॉननं लगेच सांगितलं असतं की असं नाव मला माहीत नाही. त्यामुळे आमचा नियम: पोतं ठेवायचं तर पोत्यात काय आलं ते उघडून बघायचं, आणि ओळखीचं नसेल तर एरर द्यायचा.

---

चिंचगूळ – गुरुवार, दुपारी २:४५

म्हणून कोड इंग्रजीतच लिहावा. 😄

---

तिरफळ – गुरुवार, दुपारी २:४८

इंग्रजीत 'लेंग्थ'चं स्पेलिंग चुकवणारे मी मोजून दमलोय. रोग भाषेचा नाही, पोत्याचा आहे.

---

परदेशी_पाखरू – गुरुवार, सायंकाळी ७:१५

डेटाक्लास (नोंदी ठेवायचा तयार साचा) वापरणाऱ्यांसाठी: पायथॉन ३.१० पासून त्याच्या डेकोरेटरला (वर लिहायच्या @ च्या ओळीला) केडब्ल्यू-ओन्ली=ट्रू दिलं की सगळी फील्डं नावानंच भरावी लागतात. पाणपोई, तुमच्या कर्जाच्या नोंदीला हे लावा. उद्या मधे एक फील्ड वाढवलंत तर मागचे कॉल सरकून चुकीच्या खणात जाणार नाहीत. आमच्याकडे जावाच्या रेकॉर्डमध्ये मधे फील्ड घालताना हात थरथरतात.

---

पाणपोई – पुढचा मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांना धन्यवाद. आठवड्यात काय झालं ते सांगतो.

हप्ता, दंडव्याज आणि मुदतठेवीचं व्याज अशा तीन फंक्शनांत तारा टाकला आणि टेस्ट चालवल्या. अपेक्षेप्रमाणे लाल रांग लागली. ती एकेक करून नावं लिहीत गेलो. काम रटाळ होतं, पण नाव लिहिताना प्रत्येक आकड्याला "तू कोण?" असं विचारावं लागलं. दंडव्याजाच्या एका कॉलमध्ये दिवस आणि दर उलटे निघाले. तो भाग सुदैवानं अजून कुठल्याही संस्थेत चालू केलेला नव्हता.

खरा धक्का टेस्टमध्ये होता. मंजुरीच्या स्क्रीनला टेस्ट होती, आणि ती आधीपासून पास होत होती! मी उघडून बघितली. अपेक्षित उत्तर २१,११६ असं लिहिलेलं होतं. म्हणजे टेस्ट लिहिताना मी तोच उलटा कॉल चालवला, जे उत्तर आलं ते उचललं आणि 'अपेक्षित' म्हणून चिकटवलं. चोरालाच पंच नेमलं होतं. आता अपेक्षित आकडे हातानं, कॅल्क्युलेटरवर काढून लिहितोय.

@सावळागोंधळ यांचंही ऐकलंय. मुद्दल ताऱ्याच्या आधी ठेवलं. हप्ता(मुद्दल, दर=…, महिने=…) हे वाचताना कुठे अडखळत नाही. गोळाबेरीज करणाऱ्या छोट्या फंक्शनांना हात लावला नाही.

@जुना_कारकून, ट्रू-फॉल्सचा नियम चालू केला तर रफनं एवढी मोठी यादी काढली की मी लॅपटॉप मिटला. ते पुढच्या महिन्यात.

---

जुना_कारकून – पुढचा मंगळवार, रात्री १०:०५

मिटू नका, रोज पाच करा. आणि त्या वहीवाल्या गृहस्थांचं काय केलंत?

---

पाणपोई – पुढचा मंगळवार, रात्री १०:१२

जास्तीचा एकच हप्ता कापला गेला होता. ३,५३३ रुपये परत दिले आणि कागद बदलून दिला. मी स्वतः गेलो होतो. त्यांनी पैसे मोजले, खिशातून वही काढली, तारीख टाकून रक्कम लिहिली, आणि पुढे कंसात लिहिलं: संगणकाची चूक.

मी म्हटलं, माझी होती. ते म्हणाले, वहीत तेवढी जागा नाही.